स्तनांची शस्त्रक्रिया: फक्त इम्प्लांट, की इम्प्लांट आणि लिफ्ट दोन्ही? निर्णय होत नाहीये

निशिगंध | सोमवार, रात्री ११.४०

हा आयडी नवा आहे. जुन्या नावाने मी पाककृतींच्या विभागात असते, पण या विषयावर त्या नावाने लिहायचा धीर झाला नाही. समजून घ्या.

वय ३९, राहते नाशकात. दोन मुलं, ९ आणि ६ वर्षांची. दोघांनाही अंगावर पाजलं, धाकट्याला तर दोन वर्षं होऊन वर तीन महिने. त्यानंतर थायरॉइड निघाला, गोळी सुरू झाली, रोजचं चालणं सुरू केलं आणि दीड वर्षात १६ किलो वजन उतरलं. त्याचा आनंद आहेच. पण छाती पार रिकामी झाली. वरचा भाग सपाट आणि खाली नुसती ओघळलेली कातडी. आंघोळीनंतर आरशाकडे पाठ करून कपडे घालायची सवय कधी लागली ते कळलंच नाही.

दोन प्लास्टिक सर्जनना दाखवून आले. पहिले म्हणाले, फक्त इम्प्लांट पुरेल, म्हणजे स्तनाच्या आत भरीव पिशवी बसवायची, ३२५ सीसी (मिली) आकारमानाची, स्तनाखालच्या घडीत छोटा छेद, दीड तासाचं काम, वण दिसणारही नाही. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी टेपने मोजमापं घेतली आणि स्वच्छ सांगितलं की नुसतं इम्प्लांट घालून भागणार नाही, लिफ्ट, म्हणजे सैल कातडी कमी करून स्तन वर बसवणं, करावीच लागेल. त्यात स्तनाग्राभोवती गोल आणि तिथून खाली सरळ, असा वण कायमचा.

माझी अडचण ही आहे. माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा वण जाड आणि काळपट झालाय, त्यामुळे लिफ्टच्या वणांची भीती वाटते. पण पहिल्या डॉक्टरांचं ऐकलं आणि दोन वर्षांनी पुन्हा टेबलावर जावं लागलं तर? ज्यांनी दोन्हीपैकी काही करून घेतलंय त्यांनी कृपया लिहा. घरच्यांशी माझं बोलणं झालंय. नवरा म्हणतो, तुला हवं असेल तर कर, माझ्यासाठी करू नकोस.

कोकणकन्या | सोमवार, रात्री ११.५८

आधी एक घट्ट मिठी. आणि एक प्रश्न: ब्रा न घालता आरशासमोर सरळ उभी राहिलीस तर स्तनाग्र खालच्या घडीच्या वर आहे की खाली? माझ्या मावसबहिणीचा सगळा निर्णय या एका गोष्टीवर झाला होता.

आंबेमोहोर | मंगळवार, सकाळी ७.१५

निशिगंध, मी तुझ्या पहिल्या डॉक्टरांच्या वाटेने गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१६ साली नुसतं इम्प्लांट करून घेतलं. तेव्हा मी ४१ची. मलाही वण नको होते आणि मला जे ऐकायचं होतं तेच डॉक्टर बोलले. पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. सूज असते तोवर सगळं भरलेलं, उचललेलं वाटतं. मग हळूहळू इम्प्लांट वर छातीवर राहिलं आणि माझा स्वतःचा स्तन त्याच्यावरून खाली घसरला. बाजूने पाहिलं की दोन उंचवटे दिसायचे, वर एक गोल आणि खाली दुसरा लोंबता. नंतर कळलं की सर्जन लोक याला धबधबाच म्हणतात.

चौथ्या वर्षी दुसरीकडे जाऊन इम्प्लांट बदलून लहान घातलं आणि लिफ्ट केली. म्हणजे ज्या वणांना घाबरून पळाले ते वण शेवटी आलेच, शिवाय दुसरी भूल, दुसरा खर्च आणि दुसऱ्यांदा सहा आठवडे घरात. इम्प्लांटच्या वजनाने कातडी आणखी ताणली गेली होती, त्यामुळे दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड झालं असं डॉक्टर म्हणाले.

माझं झालं ते तुझं होईल असं नाही. पण 'वण दिसणारही नाही' या वाक्यावर निर्णय घेऊ नकोस. मी तसाच घेतला होता.

चौकस | मंगळवार, सकाळी ९.०२

मला प्रश्नच कळत नाही. दोन मुलं जन्माला घातली, त्यांना पाजलं, शरीर बदलणारच. चांगली पॅडेड ब्रा मिळते. निरोगी शरीरावर सुरी कशाला?

निशिगंध | मंगळवार, सकाळी ९.४०

@चौकस, हा प्रश्न मी स्वतःला दोन वर्षं विचारला. पॅडेड ब्रा दोन वर्षं वापरली. करायचं की नाही हे माझं ठरलंय. काय करायचं एवढंच विचारतेय.

@कोकणकन्या, आत्ता पाहिलं. खाली आहे. साधारण दोन बोटं.

@आंबेमोहोर, तुम्ही इतकं मोकळेपणाने लिहिलंत, खूप आभार. 'मला जे ऐकायचं होतं तेच' हे वाचून पोटात गोळा आला, कारण पहिल्या डॉक्टरांकडून बाहेर पडताना मीही अशीच हलकी झाले होते.

माईआजी | मंगळवार, सकाळी ११.२०

बाळ, मी ७१ वर्षांची. सरकारी दवाखान्यात ३० वर्षं परिचारिका होते. आमच्या पिढीत बायका छातीत गाठ आली तरी सांगायच्या नाहीत, जखम फुटून वास यायला लागला की यायच्या. त्यामुळे आपल्या शरीराबद्दल बाई असं चारचौघांत विचारते आहे हे वाचूनच मला बरं वाटलं. चौकस, तुझा मुद्दा वाईट नाही, पण तिने तो विचारलेला नाही.

नर्सच्या नात्याने एकच विचारते. तंबाखू, सिगारेट, मिशरी काही आहे का? लाजू नकोस. मिशरी लावणाऱ्या कित्येक बायका 'मी तंबाखू खात नाही' असं डॉक्टरांना सांगतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाके उकलतात. लिफ्टमध्ये स्तनाग्र जागेवरून हलवतात, तिथलं रक्त कमी पडलं तर ते काळं पडू शकतं. सवय असेल तर किमान चार आठवडे आधी बंद आणि नंतरही तितकेच दिवस बंद.

निशिगंध | मंगळवार, सकाळी ११.३५

नाही आजी, काही नाही. पण सासूबाई लावतात, आणि मिशरीबद्दल मला दोन्हीपैकी एकाही डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.

शल्यक | मंगळवार, रात्री १०.०५

मी प्लास्टिक सर्जन आहे. इथे कोणाला सल्ला देणार नाही आणि कृपया फोटो पाठवू नका. पण निर्णयामागचा विचार समजावून सांगता येईल.

ओघळण्याची प्रतवारी आम्ही अजूनही १९७६ साली रेन्यो या सर्जननी मांडलेल्या पद्धतीने करतो. खूण एकच, स्तनाखालची घडी. स्तनाग्र घडीच्या पातळीला आलं असेल तर पहिली पायरी. घडीच्या खाली गेलं, पण स्तनाच्या सर्वांत खालच्या कडेच्या वर आहे, ती दुसरी. स्तनाग्र अगदी तळाशी येऊन जमिनीकडे पाहतंय, ती तिसरी. चौथा एक प्रकार फसवा असतो: स्तनाग्र घडीच्या वर जागेवरच असतं, पण खालचा भाग भरून लोंबतो. पेन्सिल अडकते का ते पाहण्याची जी टेस्ट मैत्रिणी एकमेकींना सांगतात, तिच्यावर विसंबू नका. मोठ्या, न ओघळलेल्या स्तनाखालीही पेन्सिल अडकते.

इम्प्लांट आकारमान देतं. ते स्तनाग्र वर नेत नाही. पहिल्या पायरीवर, कातडीत अजून ताकद असेल तर आतून भरल्यावर थोडं उचलल्यासारखं दिसतं आणि तेवढं पुष्कळदा पुरतं. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर नुसतं इम्प्लांट घातलं की दोनच गोष्टी संभवतात. इम्प्लांट योग्य जागी बसलं तर स्तन त्यावरून घसरतो, जे आंबेमोहोर यांचं झालं. किंवा सैल कातडी भरून काढायला मोठं इम्प्लांट घालावं लागतं, आणि ते आपल्या वजनाने सगळंच खाली ओढतं. ४०० सीसीचं इम्प्लांट साधारण ४०० ग्रॅमचं असतं. ते वर्षानुवर्षं आधीच सैल झालेल्या कातडीवर टांगलेलं असणार, याचा विचार करा.

मग दोन्ही एकदमच का करू नये? करतात, मीही करतो. पण ही दोन ऑपरेशनं एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. लिफ्ट कातडी कमी करून घट्ट करते, इम्प्लांट तीच कातडी आतून ताणतं. त्यात स्तनाग्राचा रक्तपुरवठा दोन्हीकडून कमी होतो. म्हणून एकत्र ऑपरेशनात इम्प्लांट लहान ठेवावं लागतं आणि पुन्हा दुरुस्ती लागण्याची शक्यता नुसत्या इम्प्लांटपेक्षा जास्त असते. ओघळ फार असेल तर बरेच सर्जन आधी लिफ्ट करतात, निदान तीन ते सहा महिने थांबतात आणि मग इम्प्लांटचा विचार करतात.

सर्जनला विचारा: माझी पायरी कोणती? छातीच्या हाडावरच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत अंतर किती? कातडी चिमटीत धरल्यावर किती जाड लागते? हे न मोजता जो सीसीचा आकडा सांगतो, त्याच्याकडून निघून या. आणि एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी पाटीवर आहे का ते पाहा. 'कॉस्मेटिक सर्जन' एवढ्याच शब्दांवर जाऊ नका.

कोकणकन्या | मंगळवार, रात्री १०.३०

डॉक्टर, हे छापून ठेवण्यासारखं आहे. निशिगंध, दोन बोटं खाली म्हणजे तू पहिल्या पायरीवर नक्कीच नाहीस.

काठपदर | बुधवार, दुपारी २.१०

मी २२ वर्षं ब्लाउज शिवते. वरचं वाचून मला जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर डॉक्टरांनी सुधारावं.

बाई बारीक झाली की जुना कटोरी ब्लाउज कटोरीत सैल पडतो. काही जणी म्हणतात, आतून पॅड लावून द्या. थोडा सैल असेल तर पॅडने काम होतं. जास्त सैल असेल तर पॅड वर बसतं आणि कापड खाली लोंबतं. तिथे टक्सच घ्यावे लागतात, दुसरा इलाज नाही. आणि टक्स घेतला की शिलाई दिसणार.

शल्यक | बुधवार, दुपारी ३.४५

काठपदर, मी विद्यार्थ्यांना इतकं सोपं करून कधी सांगू शकलो नाही. तुमचंच पुढे नेतो. काही ठिकाणी 'फक्त स्तनाग्राच्या वर्तुळाभोवतीच वण' असलेली लिफ्ट सुचवतात. ती म्हणजे टक्स न घेता सगळं सैल कापड एका गोल दोऱ्यात ओढून घेणं. कापड थोडं असेल तर छान बसतं. जास्त असेल तर?

काठपदर | बुधवार, दुपारी ३.५२

चुण्या पडणार. आणि दोरा ताणून भोक मोठं होणार.

शल्यक | बुधवार, दुपारी ३.५५

अगदी तेच होतं. वर्तुळ पसरतं आणि स्तन पुढून चपटा दिसतो. म्हणून मध्यम ओघळीला गोल आणि सरळ खाली, आणि फार जास्त असेल तर शिवाय घडीत आडवा, असे वण घ्यावे लागतात. कमी वणांची लिफ्ट नेहमीच चांगली लिफ्ट नसते.

दुपारचा_चहा | बुधवार, संध्याकाळी ५.३०

इम्प्लांट घ्यायचंच ठरलं तर सीसीचा आकडा कागदावर काही सांगत नाही. मी तांदळाची टेस्ट केली होती. मापाच्या भांड्यात ३०० मिली तांदूळ मोजून पातळ मोज्यात भरायचे, गाठ मारायची आणि स्पोर्ट्स ब्रात ठेवून दिवसभर घरात वावरायचं. मी भाजी आणायलाही तशीच गेले. संध्याकाळी खांदे भरून आले आणि मी ३०० वरून २४० वर आले. आज सात वर्षं झाली, एकदाही वाटलं नाही की आणखी हवं होतं.

माझं मात्र नुसतं इम्प्लांट होतं आणि ते उत्तम आहे. मी मुळातच सपाट होते, ओघळ नव्हती, मूल नव्हतं. त्यामुळे नुसतं इम्प्लांट वाईटच असतं असं या धाग्यावरून कोणी समजू नये.

सह्याद्रीवेडी | बुधवार, संध्याकाळी ५.४४

त्या तांदळाचं पुढे काय केलंस?

दुपारचा_चहा | बुधवार, संध्याकाळी ५.५०

मसालेभात. मोजा नवा होता, काळजी नसावी!

सह्याद्रीवेडी | बुधवार, संध्याकाळी ६.३०

तिसरा पर्याय अजून कोणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. मी फक्त लिफ्ट केली. इम्प्लांट नाही.

मी दर पावसाळ्यात गड चढते, पाठीवर सॅक असते, दोरावर चढते. इम्प्लांट स्नायूखाली घातलं तर जोर लावताना स्नायूबरोबर तेही हलल्याचं दिसू शकतं, असं मला सर्जनने सांगितलं. शिवाय शरीरात बाहेरची वस्तू घेऊन तिची वर्षानुवर्षं राखण करायची माझी तयारी नव्हती. लिफ्टमध्ये खाली लोंबणारा माझाच भाग त्यांनी आत दुमडून वर बसवला. आकार दोन्हीकडे थोडा लहान झाला, पण जागेवर आला. वरचा भाग इम्प्लांटसारखा गच्च भरलेला नाही, आणि तसा मला नकोच होता.

निशिगंध, तुला मोठं व्हायचंय की जागेवर यायचंय? मला वाटतं तुझा खरा प्रश्न हा असेल. माझं उत्तर सापडायला सहा महिने लागले.

जर्सीकर | गुरुवार, पहाटे ४.२० (इथे संध्याकाळ)

इम्प्लांट घ्यायचं असेल तर काही गोष्टी माहीत असल्याच पाहिजेत. मी न्यू जर्सीत राहते, माझं २०२२मध्ये झालं. ऑपरेशनआधी सर्जनने एक चेकलिस्ट एकेक कलम वाचून माझ्याकडून सही करून घेतली. ऑक्टोबर २०२१पासून इथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ती सक्तीची केली आहे आणि इम्प्लांटवर सगळ्यात ठळक दर्जाचा इशाराही घातला आहे.

त्यातल्या मुख्य गोष्टी: इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही. जितकी जास्त वर्षं, तितकी गुंतागुंतीची शक्यता जास्त. सिलिकॉनचं असेल तर ते आतून फाटलंय का हे पाहायला पाच ते सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. म्हणजे खर्च ऑपरेशनबरोबर संपत नाही.

दुसरं, पृष्ठभाग. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती लसिका पेशींचा एक दुर्मिळ कर्करोग आढळला, म्हणून जुलै २०१९मध्ये अॅलर्गन कंपनीने बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. काही वर्षांनी एकच बाजू अचानक सुजली तर ताबडतोब दाखवायचं. गुळगुळीत की खरखरीत, हे विचारा आणि लॉट नंबर असलेलं इम्प्लांटचं कार्ड स्वतःकडे ठेवा. २०१०मध्ये फ्रान्समध्ये पीआयपी कंपनीचं प्रकरण बाहेर आलं, वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरत होते. तेव्हा अशी नोंद हाताशी असणाऱ्या बायकांना आपल्या शरीरात काय आहे हे लगेच कळलं असणार.

थकवा, सांधेदुखी, मेंदूवर धुकं आल्यासारखं वाटणं अशा तक्रारीही अनेक बायका इम्प्लांटशी जोडतात, तो मुद्दाही त्या चेकलिस्टमध्ये आहे. तुला थायरॉइड आहे, त्यामुळे याबद्दल आधीच बोलून घे.

आणि थोडं विषयांतर. जगातलं पहिलं सिलिकॉन जेल इम्प्लांट १९६२ साली ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसे या बाईंना बसवलं. त्या रुग्णालयात गेल्या होत्या छातीवरचा टॅटू काढायला. डॉक्टरांनी इम्प्लांटचं सुचवलं, तेव्हा त्या म्हणाल्या की मला तर माझे कान नीट करून हवेत. शेवटी दोन्ही झालं. मला ही गोष्ट आठवते ती एवढ्यासाठी की आपण कशासाठी गेलो होतो हे डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर विसरायला होतं.

चौकस | गुरुवार, सकाळी ९.१५

जर्सीकरांनी लिहिलेलं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. पण माईआजी म्हणतात ते बरोबर, मला कोणी विचारलं नव्हतं. काल बायकोला हा धागा दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'तुला काय कळणार.' यावर मी जास्त बोलत नाही.

एक उपयोगी माहिती देतो, मी विम्याच्या क्षेत्रात आहे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल तर गोष्ट वेगळी. आणि उपचारांवर जीएसटी नसतो, पण सौंदर्य शस्त्रक्रियेवर लागतो. सांगितलेल्या रकमेत तो धरलाय का, हे लेखी घ्या. दुरुस्ती लागली तर भूल आणि ऑपरेशन थिएटरचा खर्च कोणाचा, हेही.

निशिगंध | गुरुवार, सकाळी १०.००

मनापासून आभार, चौकस. वहिनींनाही सांगा.

हळदकुंकू | गुरुवार, दुपारी १२.३०

माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, म्हणून हा प्रश्न. इम्प्लांट असेल तर मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) कशी करतात? दाबल्यावर फुटत नाही का?

शल्यक | गुरुवार, रात्री ९.२०

करता येते. तंत्रज्ञाला आधीच सांगायचं. इम्प्लांट मागे सारून पुढची ग्रंथी वेगळी ओढून जास्तीचे फोटो घेतात. फुटण्याची शक्यता फार कमी, पण थोडा भाग झाकला जातो हे खरं. लिफ्टनंतरही आत वण असतात, ते नंतरच्या मॅमोग्राफीत दिसतात. म्हणून वय चाळिशीच्या आसपास असेल किंवा घरात आजार असेल, तर ऑपरेशनच्या आधी एक मॅमोग्राफी करून ती जपून ठेवावी. पुढच्या प्रत्येक तपासणीत तुलनेला ती लागते. तुमच्या बाबतीत आईचा इतिहास सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा.

आंबेमोहोर | गुरुवार, रात्री ९.५०

वणांबद्दल राहून गेलं होतं. माझा सरळ खालचा वण पहिले सहा महिने लाल आणि उंचावलेला होता. टाके पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी सिलिकॉनची पट्टी दिली, ती जवळजवळ दिवसभर लावून ठेवायची, उकाड्यात जीव नको व्हायचा. वर्षभराने फिका झाला. आज कोणी शोधला तर दिसतो. स्तनाग्राची संवेदना डावीकडे पूर्ण परत आलीच नाही, हेही सांगून ठेवते. पण नाशिकच्या उन्हाळ्यात सुती कुर्ता घालून बाहेर पडताना मला वण आठवत नाही. धबधबा मात्र रोज आठवायचा.

शल्यक | गुरुवार, रात्री १०.१०

थोडा असहमत. आपल्याकडच्या त्वचेत वण जाड होण्याची प्रवृत्ती जास्त असते, सगळ्यांचाच वर्षभरात फिका होईल असं नाही. निशिगंध यांचा अपेंडिक्सचा वण जखमेच्या हद्दीत राहून जाड झालाय, की हद्द ओलांडून पसरलाय? पसरला असेल तर ते केलॉइड, आणि मग लिफ्टचा विचार फार सावधपणे करावा लागेल. तो वण सर्जनला मुद्दाम दाखवा.

एक_नवरा | शुक्रवार, सकाळी ८.००

बायकोच्या परवानगीने लिहितोय. तिचं दोन्ही एकत्र झालं, चार तास लागले. घरच्यांसाठी लिहितो, कारण डॉक्टर 'आठवड्यात ऑफिसला जाल' म्हणतात आणि आपण समजतो की आठवड्यात सगळं होईल.

पहिले दोन आठवडे तिला खांद्याच्या वर हात नेता येत नव्हता. दोरीवर कपडे, वरच्या फळीवरचे डबे, वेणी, काही नाही. पोळ्या लाटणं तिसऱ्या आठवड्यातही जमलं नाही, लाटताना छातीवर ताण येतो हे मला तेव्हा कळलं. पाण्याची बादली, कुकर, सिलिंडर यांना सहा आठवडे हात लावू दिला नाही. सगळ्यात कठीण होतं आमच्या चार वर्षांच्या मुलीला 'आईच्या अंगावर झेप घ्यायची नाही' हे समजावणं. शेवटी आईच्या गळ्यात कागदाची पाटी अडकवली, 'रंग ओला आहे', आणि ते तिला पटलं.

तिसऱ्या दिवशी बायको रडली. सुजलेलं, निळं, एक बाजू वर, एक खाली. म्हणाली, मी हे काय करून घेतलं. आकार बसायला महिने लागतात हे आम्हाला सांगितलं होतं, पण त्या रात्री ते आठवत नाही. त्या रात्री कोणीतरी शेजारी जागं असावं.

माईआजी | शुक्रवार, सकाळी ८.४०

मुला, तुझं भलं होवो.

सह्याद्रीवेडी | नऊ दिवसांनी, रविवार, दुपारी १.००

निशिगंध, काय ठरलं? गप्प झालीस.

निशिगंध | रविवार, रात्री १०.३०

ठरलं. सांगते.

मुंबईला तिसऱ्या डॉक्टरांकडे गेले, या धाग्यावरचे प्रश्न वहीत लिहून. खळगीपासून अंतर उजवीकडे २६ आणि डावीकडे २७ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंचा फरक आजवर कोणी मला सांगितला नव्हता. दुसरी पायरी. अपेंडिक्सचा वण पाहिला, जाड आहे पण पसरलेला नाही, केलॉइड नव्हे म्हणाल्या.

मग त्यांनी मला आरशासमोर उभं केलं आणि माझ्याच हातांनी दोन्ही स्तन वर, पूर्वी होते तिथे धरायला सांगितले. म्हणाल्या, 'हे असं राहिलं तर तुम्हाला पुरेल का? घाई नको, बघत राहा.' मी बघत राहिले. सह्याद्रीवेडी, तुझा प्रश्न तिथे मला लख्ख आठवला. मला मोठं व्हायचं नव्हतं. ३२५ हा आकडा माझा नव्हताच, तो पहिल्या डॉक्टरांचा होता.

वरचा भाग थोडा रिकामा राहील, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून आधी फक्त लिफ्ट, माझाच भाग वर बसवून, गोल आणि सरळ वणाची. सहा महिन्यांनी वरचा रिकामेपणा खटकला तर लहान इम्प्लांट, किंवा मांडीची चरबी काढून तिथे भरणं, यावर पुन्हा बोलायचं. नाही खटकला तर विषय संपला. वजन सहा महिने स्थिर हवं म्हणाल्या, ते आहे. थायरॉइडचा रिपोर्ट आणि मॅमोग्राफी पुढच्या आठवड्यात.

तारीख दिवाळीनंतरची घेतली आहे, मुलांच्या सुट्टीत आई येऊन राहणार आहे. सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या आधी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, 'माझ्याही वेळी असं काही असतं तर.'

आता एक साधा प्रश्न: पुढून उघडणारे गाऊन किती लागतील? आणि सर्जिकल ब्रा एक धुतली की दुसरी, अशा दोन पुरतील का?

एक_नवरा | रविवार, रात्री १०.४१

ब्रा तीन घ्या, दोन वाळत नाहीत. गाऊन चार. आणि उशा भरपूर, पाठीवर टेकून झोपावं लागतं.

काठपदर | रविवार, रात्री १०.५०

गाऊन विकत घेऊ नकोस. माप पाठव, बटणांऐवजी वेल्क्रो लावून मी शिवून देते, हात वर न करता घालता येतील. नाशिकला दर महिन्याला माझी खेप असते.

माईआजी | रविवार, रात्री ११.०५

आणि मी पंचवटीत राहते. पहिल्या आठवड्याचा दुपारचा डबा माझ्याकडून. तिखट चालतं का ते कळव.